अकरा अंश

मोटारसायकल साइड स्टँडवर किती कलावी याबद्दल जगात हवी तेवढी मतं असतील. मिस्त्रीच्या मते उत्तर एकच होतं, अकरा अंश. सात-आठवर उभी केली तर जाता-येता कोणाच्या पिशवीचा धक्का लागूनही गाडी पलीकडे आडवी होते. चौदाच्या पुढे गेली तर ती परत सरळ करताना माणसाच्या नाकी नऊ येतात. अकराला मात्र ती दाराच्या चौकटीला टेकून गप्पा मारणाऱ्या शेजाऱ्यासारखी उभी राहते, पडत नाही आणि हलायला कुरकुरतही नाही. हे तो गिऱ्हाइकांना इतक्या वेळा ऐकवायचा की शेजारचा लेथवाला त्याला लांबूनच ‘काय अकरा?’ अशी हाक मारायचा.

या वेळची गाडी बायकोची होती, म्हणून मिस्त्रीने ती जास्तच जिवाला लावून घेतली होती.

बायको पाणीखात्यात होती. गावाबाहेरच्या मोठ्या तलावात सात ठिकाणी मापाचे खांब रोवलेले होते. सातही खांबांवरची पाण्याची पातळी वाचून वहीत उतरवायची, हे तिचं रोजचं काम. आकडा वाचण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. लाटांनी पाणी कितीही हलू दे, डोळे बारीक करून ती सांगेल तो आकडा खरा. दोन वर्षांपूर्वी चौथ्या खांबाच्या पायऱ्यांवर तिचा पाय शेवाळावरून घसरला आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण पाय दीड इंच आखूड राहिला आणि त्या बाजूचा जोर गेला. खात्याने तिला टेबलावर बसवलं. दुसऱ्यांनी वाचलेले आकडे दिवसभर उतरवून घरी आली की ती भिंतीकडे बघत बसायची. मिस्त्रीला ते बघवत नव्हतं.

मग तिने साहेबांकडे अर्जावर अर्ज केले. शेवटी साहेबांनी हो म्हटलं, पण अट घातली. सोमवारी सातही खांब करून दाखवायचे, गाडी स्वतःची स्वतः चालवायची, सोबतीला कोणी चालणार नाही. जमलं तर फेरी तुमची. नाही जमलं तर कायमची दुसऱ्याची.

सात खांब म्हणजे सात वेळा गाडी स्टँडवर लावायची आणि सात वेळा डाव्या पायाने रेटा देऊन ती सरळ करायची. सगळं घोडं तिथेच अडलेलं होतं.

मिस्त्रीने गाडीचे मागचे शॉकअप बदलून आखूड बसवले, पुढच्या चाकाचे पाइप पकडीतून वर सरकवले, सीटचा फोम तासला. गाडी दोन इंच खाली आली. बायको तिच्यावर बसली आणि दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकले, तेव्हा तिने नुसतंच ‘हं’ म्हटलं; पण ते ‘हं’ मिस्त्रीला दिवसभर पुरलं. आता उरला फक्त स्टँड. गाडी खाली आल्यामुळे तो लांब पडत होता आणि गाडी चार अंशांवर जवळजवळ सरळच उभी राहत होती. तो कापायचा, खालची चकती पुन्हा वेल्ड करायची, की झालं.

असलं काम करताना मिस्त्री शेजारी उभा राहून गाडी कंबरेला टेकवायचा, एका हाताने कोनाचं गेज धरायचा आणि दुसऱ्या हाताने खूण करायचा. शनिवारी दुपारी मात्र बायको बुटकं स्टूल ओढून गाडीशेजारी बसली.

“खूण मी करणार,” ती म्हणाली. “गाडी माझी, पाय माझा, आकडाही मीच वाचणार.”

“बरं बाईसाहेब. मग मी काय करू?”

“तू गाडी धर. तेवढं येतं ना?”

आता ती खाली बसलेली, म्हणून मिस्त्रीला शेजारी उभं राहायला जागा उरली नाही. त्याने सरळ पाय टाकला आणि मागच्या सीटवर बसला. ती त्याची लग्नापासूनची जागा. मिस्त्री गाड्या दुरुस्त करायचा खरा, पण चालवायची हौस त्याला कधीच नव्हती. कुठेही जायचं तर पुढे बायको आणि मागे मिस्त्री. ती पडल्यापासून नाइलाजाने तो पुढे बसायला लागला होता. डावा पाय जमिनीवर रोवून त्याने गाडी हळूहळू कलती केली.

“नऊ... दहा... थांब. अर्धा अंश मागे. अकरा! हलू नकोस.” तिने खडूने खूण केली आणि धूळ झटकत उठली. मिस्त्रीने कापलेला तुकडा हातात घेतला तेव्हा तो त्याला जरा लांब वाटला होता. पण खूण बायकोची होती. त्याने चकती वेल्ड केली, कानस फिरवली, काळा रंग मारला आणि शीळ घालत हात धुतले.

रविवारी सकाळी रंग वाळला होता. बायको गाडीवर बसली, ओठ घट्ट मिटले आणि डाव्या पायाने रेटा दिला. गाडी एका दमात सरळ झाली. तिने ती पुन्हा टेकवली, पुन्हा उचलली. पाच वेळा. मग ती इतक्या मोठ्याने हसली की लेथवाला यंत्र बंद करून बाहेर आला. गल्लीच्या टोकापर्यंत तीन फेऱ्या मारून ती घरात गेली, गाणं गुणगुणत. मिस्त्री कारखान्याच्या पायरीवर चहा घेऊन बसला. इतकं बरं त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

कप अर्धा झाला असेल, तेव्हा त्याचं लक्ष मागच्या सीटवर गेलं. काळ्या रेक्झिनवर त्याच्या विजारीची भुरकट धूळ उमटलेली होती.

आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खूण केली तेव्हा आपण गाडीवर बसलेलो होतो!

इतकी वर्षं कंबरेने गाडी धरणाऱ्या मिस्त्रीने केवळ सवयीची जागा म्हणून ही घोडचूक केली होती. मागे माणूस बसला की शॉकअप दबतात, गाडी खाली जाते, स्टँड लांब पडतो. म्हणून त्याच्या वजनासकट अकरा आणायला स्टँड दोन सेंटिमीटर जास्त कापला गेला होता. आता रिकामी गाडी वर उचलली जाणार, आखूड स्टँडवर जास्त कलणार. त्याने मनात गणित मांडलं. सोळा. सोळा अंशांवरून ती गाडी बायकोच्या बापाच्याने उचलली जाणार नव्हती.

पण तिने तर आत्ताच पाच वेळा उचलली होती.

मिस्त्रीने कप खाली ठेवला आणि गेज आणून गाडीला लावलं. अकरा.

दुसरा कोणी असता तर देवाचे आभार मानून चहा संपवला असता. मिस्त्रीचं तसं नव्हतं. चुकीच्या मापातून बरोबर उत्तर आलं की त्याच्या मनात पाल चुकचुकायची. त्याने फरशीला लेव्हल लावली. फरशी सपाट होती. गाडी ढकलत दुसऱ्या कोपऱ्यात नेली, तिथेही अकरा. ढकलताना ती नेहमीपेक्षा जड लागली, म्हणून चाकांतली हवा तपासली, हवा बरोबर. स्टँड मोजला; तो गणिताप्रमाणेच दोन सेंटिमीटर आखूड होता. शेवटी त्याने लेथवाल्याकडून त्याचं गेज मागून आणलं. गेजबरोबर लेथवालाही आला.

“अकरा,” लेथवाला वाकून म्हणाला. “मग?”

“अकरा यायला नको. सोळा यायला पाहिजे.”

“तुला किती हवे होते?”

“अकरा.”

लेथवाल्याने त्याच्याकडे निरखून पाहिलं. “बरोबर आलं म्हणून तोंड पाडणारा मिस्त्री आज पहिल्यांदा पाहिला. झोप नीट होत नाही का?” मग जाता जाता तो थांबला. “मागचे शॉकअप मात्र मऊ घेतलेस. रिकामी असून किती दबलीय बघ.”

ते मिस्त्रीने पाहिलं नव्हतं. तो उकिडवा बसला. दोन्ही स्प्रिंगांचे वेढे जवळ आलेले होते, गाडी चांगली चार बोटं खाली बसली होती. त्याने मागच्या दांड्याला हात घालून गाडी वर ओढली. हे तो दिवसातून दहा वेळा करायचा, एका हिसक्यात चाक उचललं जायचं. आता दोन्ही हातांनी, दात आवळून ओढलं तरी चाक जमिनीला चिकटून राहिलं.

लेथवाल्याचं यंत्र पुन्हा सुरू झालं. मिस्त्रीने मागच्या सीटवर तळवा ठेवला.

गाडी सकाळपासून सावलीत होती. पुढची सीट गार होती. मागची कोमट होती, आणि मधोमध फोम खाली बसलेला होता. त्याने बोटांनी खळगा चाचपला. फोम वर आला नाही.

त्याने हात मागे घेतला. पण आयुष्यभर माप घेऊन जगलेला माणूस, घाबरला तरी माप घेतल्याशिवाय सोडणार नव्हता. त्याने आजूबाजूला पाहिलं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आपण काय करतोय याची त्याला लाज वाटली, तरी तो हलक्या आवाजात म्हणाला,

“जरा उतरतोस का? माप घ्यायचंय.”

काही झालं नाही.

मग स्प्रिंग करकरली.

गेजचा काटा हलला. बारा. तेरा. कोणी सावकाश पाय काढून घ्यावा तसा, घाई न करता. पंधरा. सोळा. तिथे थांबला.

मिस्त्रीने आकडा वाचला. पुन्हा वाचला. गणित बरोबर होतं, आणि त्या क्षणी त्याला भीतीच्या आधी समाधान वाटलं, हे त्याचं त्यालाच नंतर विचित्र वाटत राहिलं.

गाडी क्षणभर डावीकडे दबली, मग मागे, मग सावरली. मिस्त्री बसायचा तेव्हा अगदी अशीच दबायची. आधी डावा पाय रोवायचा, मग अंग टाकायचं. काटा परत अकरावर आला.

दुपारभर तो गाडीसमोर बसून होता. कापलेला तुकडा त्याने कचऱ्याच्या डब्यातून शोधून काढला होता, आणि त्यातला दोन सेंटिमीटरचा भाग परत जोडायला अर्धा तास पुरला असता. पण जोडला आणि जे मागे बसलंय ते उद्याही बसून राहिलं, तर गाडी सहावर उभी राहणार आणि पहिल्याच खांबापाशी आडवी होणार. नाही जोडला आणि ते वाटेत कुठे उतरलं, तर गाडी सोळावर जाणार आणि बायको तलावाच्या काठी अडकणार. कोणत्याही बाजूने तिची फेरी गेली. एकदा त्याला वाटलं, सरळ सांगून टाकावं. पण सांगणार काय?

संध्याकाळी ती बूट पुसायला पायरीवर बसली.

“भीती वाटते का गं, एकटीने जायची?” त्याने विचारलं.

“वाटते,” ती म्हणाली. “वाटू दे. तू नको घाबरू म्हणजे झालं. गेले आठ दिवस तुझं तोंड बघवत नाही.”

“मी कुठे घाबरलोय?”

“मिस्त्री, तू झोपेत बोलतोस. ‘मी येतो मागे बसून, मी येतो मागे बसून.’ रोज.”

 खरंच गेले आठ दिवस त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं. तिला एकटीला जाऊ द्यायला त्याचं मन तयार नव्हतं, आणि तिच्या आनंदावर विरजण नको म्हणून तो गप्प होता. त्याने हातातला तुकडा खिशात टाकला. जोडला नाही. देवाशपथ सांगायचं, तर कोणीतरी तिच्या मागे बसलेलं असेल या विचाराने त्याला बरं वाटलं होतं.

सोमवारी सकाळी बायकोने वही पिशवीत टाकली, गाडी एका रेट्यात सरळ केली आणि त्याच्याकडे बघून भुवया उडवल्या. मिस्त्री हसला. ती गल्लीतून वळेपर्यंत तो बघत राहिला. गाडी मागून दबलेली होती, आणि वळणावर दोन माणसांची गाडी कलते तशी सावकाश, भारदस्त कलली.

दिवस कामात गेला. त्याने दोन ब्रेक बसवले, एक चेन बदलली. दर तासाला तो मनात खांब मोजत होता. आता तिसरा. आता चौथा, तो पायऱ्यांचा. आता पाचवा.

ऊन उतरत असताना गाडीचा आवाज आला आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

बायकोचे केस विस्कटलेले होते, बुटांना चिखल होता आणि चेहरा दहा वर्षांनी लहान दिसत होता. तिने गाडी कारखान्यासमोर लावली, उतरली आणि वही त्याच्या नाकासमोर फडफडवली.

“सातही! सातही एका दमात! साहेब स्वतः शेवटच्या खांबाशी येऊन उभे होते. म्हणाले, उद्यापासून फेरी तुमची.” तिचा आवाज भरून आला होता. मिस्त्रीचेही डोळे भरले आणि त्याने ते लपवले नाहीत.

“चौथ्या खांबाला पाय थरथरला का?”

“छे. पायऱ्या उतरताना वाटलं होतं थरथरेल. पण नाही थरथरला.” ती काहीतरी आठवल्यासारखी हसली. “चल, आत. भूक लागलीय.”

“तू हो पुढे. मी एवढं गेज लावून आलोच.”

ती बोळातून मागच्या घराकडे गेली. जाताना ती काहीतरी बोलत होती, पण मिस्त्रीचं लक्ष गेजकडे होतं.

सोळा.

त्याने मागच्या सीटवर हात दाबला. सीट गार होती. फोम दबला आणि लगेच वर आला. दांड्याला हात घातला आणि मागचं चाक एका हिसक्यात उचललं गेलं.

म्हणजे ते उतरलं होतं. वाटेत नाही, तिची फेरी पुरी करून, तिला घरी आणून सोडून, मग उतरलं होतं. मिस्त्री रिकाम्या गाडीकडे पाहून एकटाच हसला. खिशातला तुकडा काढून त्याने पत्र्याच्या टेबलावर ठेवला. उद्या पहाटे उठून जोडायचा, की रिकामी गाडी अकरावर. त्याने हत्यारं जागेवर लावली, शटर ओढलं आणि हात पुसत, शीळ घालत बोळातून घराकडे गेला.

स्वयंपाकघरात दिवा लागला होता. बायकोचं हसू बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. ती तिसऱ्या खांबावरच्या बगळ्यांबद्दल भरभरून सांगत होती, मध्येच थांबत होती, आणि पुन्हा सांगत होती.

मिस्त्रीने दार ढकललं. ते आतून बंद होतं.

त्यांच्या घराला एकच कडी होती, आणि ती लावायची बायकोची एक रीत होती. दोघंही घरात आल्याशिवाय ती कधीच कडी लावायची नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, एकदाही नाही.

त्याने दार वाजवलं.

आतलं बोलणं थांबलं. मग तिचा आवाज आला, मोकळा, आनंदी, दिवसभराच्या कामाने थोडा थकलेला.

“मिस्त्री, बघ रे जरा, दारात कोण आलंय.”

आत कोणीतरी खुर्ची मागे सरकवली.